चंद्राक्काचं करकरतं चाक

चंद्राक्काची हातगाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. पेठेच्या त्या टोकाला तिचं लाकडी चाक ‘कुईंऽ करर्र’ करत फिरलं की या टोकाला माझी झोप मोडायची. मी सांगलीत हळदीच्या एका पेढीवर कारकून होतो. जेवल्यावर आडवं होणं, एवढ्या एकाच विद्येत मला प्रावीण्य होतं, आणि चंद्राक्का नेमकी त्याच वेळी लाकडं ओढायला निघायची.

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळेना, जळण मिळेना, म्हणून ज्याच्या परसात झाड होतं त्याने ते तोडून विकायला काढलं. पण परसात जायचं ते दोन भिंतींमधल्या बोळातून, आणि तिथे बैलगाडी शिरत नसे. चंद्राक्काची गाडी अरुंद होती. पन्नाशीची ती काटकुळी बाई पदर खोचून गाडी उलटीच आत घ्यायची, म्हणजे भरल्यावर वळवायला नको. मग परसात उभी राहून ती घरमालकालाच कामाला लावायची. “वंडकं खाली, डहाळं वर! फांदीनं कुनाच्या भिंतीला वरबाडलं तर इज्जत माजी जाती, तुमची न्हाई.” एखादा ओंडका वर राहिला की सगळी गाडी रिकामी करून पुन्हा भरायची.

एकदा मी झोपेतून उठून तिला चांगलं खडसवायला बाहेर गेलो. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, “आला व्हय आप्पा? लय बेस. जरा मागनं रेटा.” मी रेटत गेलो. बोरीच्या काट्यांत धोतर अडकलं, ते सोडवत, पुन्हा रेटत, थेट पेठेच्या शेवटापर्यंत गेलो. घरी आलो तेव्हा बायकोने धोतराकडे पाहिलं आणि सुईदोरा माझ्याच हातात दिला.

बाकी काहीही बोला, चंद्राक्का हसण्यावारी न्यायची. फक्त तेलाचं नाव काढायचं नाही. “अक्का, आसाला जरा वंगण घाला की,” असं कोणी म्हटलं की ती तडकायची. “चाकाला हात लावायचा न्हाई! सांगून ठेवते!” चार थेंब तेल घालायला असं काय अडतंय, हे कोणालाच कळत नव्हतं. काहींच्या मते ती चिक्कू होती. मी तिला हट्टी म्हणायचो आणि कूस बदलायचो.

शेवटी पारावर बैठक बसली. तिच्या नकळत चाकाला तेल घालायचं ठरलं. बैठकीत सगळ्यांत मोठ्याने मीच बोललो होतो, त्यामुळे एरंडेलाची बाटलीही माझ्याच हाती आली.

संध्याकाळी मी तिच्या खोलीपाशी पोचलो, तर गाडी अजून बाहेरच होती. मी परत फिरणार, तोच आतून हाक आली, “कोन हाय? या की आत.”

चंद्राक्काचा नवरा दादबा आत बसला होता. गाडी मूळची त्याची. ओंडका कमरेवर पडून त्याचे पाय गेले, एवढं पेठेला माहीत होतं. त्यानंतर त्याच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं, मीही नाही.

“बसा, आप्पा,” तो म्हणाला आणि एकदम हात वर केला. “गप. तिठ्यावर आली.”

मी कान दिला. लांबून ती करकर ऐकू येत होती.

“रिकामी हाय गाडी. भरल्याली आसली की जाड आवाज करती.” असं म्हणत तो हातांवर सरकत चुलीपाशी गेला. फुंकर घातली, आधण ठेवलं, गुळाचा खडा टाकला. “आता बोळात शिरली,” म्हणत त्याने चहाची पूड घातली. मधेच करकर थांबली, तसा त्याने कान टवकारला; मग ती पुन्हा सुरू झाली. चाक दारापाशी थांबलं तेव्हा तो कपात चहा गाळत होता.

चंद्राक्का दारात आली. तिने माझ्या हातातली बाटली पाहिली आणि मला बाहेर बोलावलं. मला वाटलं, आता पेठ गोळा होणार. पण ती अगदी हळू बोलली.

“आप्पा, सारा जलम ही गाडी त्येंनी वडली. आता त्येंचं काय काम ऱ्हायलंय? मी यायच्या वक्ताला च्या करायचा, येवढंच. त्ये बी काढून घिऊ?”

मी बाटली कोटाच्या खिशात घातली. ती आत गेली.

आतून दादबाचा आवाज आला, “बोळात मदीच थांबलीस. कंबर धरली व्हय?”

“न्हाई वो. पायातला काटा काढत हुते.”

“बरं, बस. आदी च्या पी.”