कपाट बाहेर, पँट आत

जागेवर ठेवलेली वस्तू हरवत नाही, असा त्याचा ठाम विश्वास होता. विमानतळावर हरवलेल्या सामानाच्या खिडकीत आयुष्य काढलेल्या माणसाचा तो असायचाच. आता फ्रेंच प्रवाशांसाठी वेगळी खिडकी निघणार होती. तोंडी परीक्षा पास होईल त्याला ती मिळणार आणि रात्रपाळीतून कायमची सुटका. ही सुटका आपण मिळवणारच, हे त्याने बायकोला, सासऱ्यांना आणि खालच्या इस्त्रीवाल्याला वेगवेगळं सांगून ठेवलं होतं.

फ्रेंच तशी जमली होती. अडत होतं एकाच ठिकाणी. पँट, पायजमा, हाफपँट ही मंडळी इंग्रजीत अनेकवचनी, फ्रेंचमध्ये एकवचनी. उलट फर्निचर, सामान, डोक्यावरचे केस यांना इंग्रजी एकात गुंडाळते आणि फ्रेंच अनेकवचनात मांडते. इंग्रजी त्याच्या डोक्यात इतकी वर्षं भाडं न देता राहत होती, की फ्रेंचने कडी वाजवली तरी दार तीच उघडायची.

शेवटी त्याने ऑफिसातली रीत घरी आणली. फ्रेंच ज्याला एक मानते ते आतल्या खोलीत, अनेक मानते ते बाहेरच्या खोलीत. ज्यावर दोन्ही भाषांचं भांडण नाही, ते होतं तिथेच. परीक्षेत शब्द अडला की खोली आठवायची. बायकोने विचारलं, केस कुठे ठेवणार? सासरे म्हणाले, त्यांना फारशी जागा लागणार नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आतल्या फर्निचरपैकी फक्त पलंग हलवायचा उरला होता. आतल्या खोलीत घरातल्या सगळ्या पँटी, सासऱ्यांच्यासुद्धा, खुंट्यांवर शिस्तीत लटकल्या होत्या. त्याने पलंग बाहेर ओढला, दार लावलं आणि उरलेल्या एकमेव मोकळ्या जागेत, दाराला लागून, तो सरकवला. पलंग इतका चपखल बसला की त्याला गहिवरून आलं. आंघोळ करून टॉवेल गुंडाळून तो परतला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की ते दार बाहेरच्या बाजूला उघडतं.

पलंग हलेना. एकीकडे कपाट, दुसरीकडे भिंत, खाली खुर्च्यांचे पाय अडकलेले. तिघांनी जोर लावला तेव्हा तो आणखी घट्ट बसला. सुतार फोनवर म्हणाला, संध्याकाळी बघू.

शर्ट बाहेर होता, कारण तो दोन्ही भाषांत एक. बूट होते, ते दोन्हीकडे अनेक. मधला भाग तेवढा आत होता.

बाहेर पँट एकच उरली होती आणि तिच्यात सासरे होते. व्याकरणापायी आपण कपडे उतरवणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"बाबा," बायको म्हणाली, "हे रात्री घरी असावेत असं वाटतं ना तुम्हाला?"

सासऱ्यांनी जरा जास्तच वेळ विचार केला. मग पँट दिली.

तिच्यात त्याच्यासारखी दोन माणसं मावली असती. पट्टा त्याच्या स्वतःच्या पँटीत ओवलेला, म्हणजे आतच. कंबर मुठीत धरून तो परीक्षेला पोचला. परीक्षक बाई म्हणाल्या, समजा तुम्ही प्रवासी आहात, तुमचं काय हरवलंय ते सांगा. त्याने सांगितलं. पँट एकवचनात, पायजमा एकवचनात, त्यांच्या वाटेत उभं राहिलेलं फर्निचर अनेकवचनात. एकदाही चुकला नाही. इतकं कळवळून आजवर कुणीच बोललं नव्हतं, बाई डोळे पुसत म्हणाल्या, खिडकी तुमची. त्यांनी अभिनंदनाचा हात पुढे केला, तो त्याने बसूनच स्वीकारला.

घरी येऊन त्याने बायकोला सगळा नियम नीट समजावून दिला.

"पँट फाटली, केस गळले," ती म्हणाली. "मराठीत तरी आपण दुसरं काय म्हणतो? मग कपाट कशाला हलवलंत?"

याला त्याच्याकडे चोख उत्तर होतं. ते पटवून देण्यासाठी त्याने दोन्ही हात वर केले.

"राहू द्या, जावईबापू," सासरे आपला टॉवेल सावरत वाकले, "मी उचलतो."