बिनगळाचे मुकादमसाहेब

मुकादमसाहेबांच्या दोरीला मी त्यांना न विचारता गळ बांधला.

चूक माझीच. पण तुम्हीच सांगा, रविवारची सकाळ, बेलापूरच्या खाडीवरची जेट्टी, पन्नाशी उलटलेला एक गृहस्थ इस्त्रीचा शर्ट घालून महागडी काठी फिरवतोय आणि दोरीच्या टोकाला नुसतं शिसं. गळ नाही, आमिष नाही. फेकतो, गुंडाळतो, पुन्हा फेकतो. मला वाटलं, बिचाऱ्याचा गळ एखाद्या माशाने तोडून नेलाय आणि याच्या ते लक्षातच आलेलं नाही. तो टपरीवर चहाला गेला तेवढ्यात मी माझ्याकडचा चांगला जाड गळ त्याच्या दोरीला बांधला, वर एक कोळंबी लावली आणि परोपकाराच्या समाधानात आपल्या जागेवर येऊन बसलो.

साहेब आले. दोरी फेकली. थोड्या वेळाने काठी वाकली. दुसरा कोणी असता तर ओरडला असता. साहेब दचकले. रिकाम्या घराची बेल उगाच वाजवावी आणि आतून कोणी "आलो, आलो" म्हणावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

चांगला हातभर शिंगाळा निघाला. साहेबांनी तो रुमालात धरला, माझ्याकडूनच पक्कड मागून घेतली, गळ सोडवला, माशाला "माफ कर बाबा" म्हणून पाण्यात सोडलं आणि मग विचारलं, "हा गळ कोणाचा?"

सगळ्या जेट्टीने माझ्याकडे बोट दाखवलं.

"मासा लागला की माणसाचं लक्ष माशाकडे जातं," ते शांतपणे म्हणाले. "मला दोरी बघायची असते."

अशी आमची ओळख झाली. आम्ही एकाच सोसायटीत, एकाच विंगमध्ये राहतो हे तिथे जेट्टीवर कळलं. ते पाचव्या मजल्यावर, मी तिसऱ्या.

निसार मुकादम मूळचे मुरुडकडचे. आजोबांचे मचवे होते. नातू शिकला, इंजिनियर झाला आणि सरकारी पेटंट कचेरीत परीक्षक म्हणून लागला. कोणी म्हणतं, मी अमुक शोध लावला, मला पेटंट द्या. तो शोध खरंच नवा आहे, की जगात आधी कुठे कोणी करून ठेवलाय, हे शोधून काढायचं काम मुकादमसाहेबांचं. त्यांच्या वाट्याला बरंच काही येतं, पण त्यांचा जीव जडलाय तो एकाच गोष्टीवर. माशाच्या काठीवर ओळीने बारीक बारीक कड्या असतात, त्यांतून दोरी जाते. त्या कडीला आम्ही हौशी लोक 'गाईड' म्हणतो. ती कडी.

ती एवढीशी कडी! मी वर्षानुवर्षं मासे पकडायला, म्हणजे मासे न पकडायला, जातोय. पण तिच्याकडे कधी धड पाहिलंही नव्हतं. साहेबांच्या मते जगातल्या सगळ्या अडचणी त्या कडीत येऊन मिळतात. दोरी घासते, तापते. खाऱ्या पाण्याने कडीचा पाय गंजतो. जोरात फेकली की दोरी कडीभोवती वेढा घालून बसते. त्यावर जपानपासून कोरियापर्यंत माणसं डोकं लावून बसली आहेत आणि कागद मुकादमसाहेबांकडे येतायत. पेटंट मिळून जगजाहीर झालेली एक कडी त्यांनी मला एकदा दाखवली. तिची चौकट जराशी पुढे कललेली होती.

"बघ. गुंता झाला की दोरी या उतारावरून आपोआप घसरते. गुंता स्वतःच निघून जातो." त्यांचे डोळे चमकत होते. "विनायक, कुठेतरी एक माणूस एवढ्याशा उताराचा विचार करत आयुष्यभर बसला असेल. घरच्यांना काय सांगत असेल रे, काय करतो म्हणून?"

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम हातभर दोरी असते. भोक दिसलं की ते त्यातून दोरी ओवून बघतात. पडद्याची कडी, किल्ल्यांचा जुडगा, आमच्या हिची पाटली (काढून घेऊन, रीतसर परवानगीने). एकदा सेक्टरातल्या उडप्याकडे त्यांनी मेदूवड्यातून दोरी ओवली आणि दोन्ही टोकं धरून मागेपुढे ओढली. वेटर सांबाराचं भांडं घेऊन तसाच उभा.

"आतली कडा खडबडीत आहे," साहेब मला म्हणाले. "दोरी टिकणार नाही."

"साब, खाने का है वो," वेटर म्हणाला.

बोलणंही कचेरीतलंच. पेटंटच्या अर्जात शोधाचं वर्णन 'दावा' म्हणून लिहितात, आणि पुढचा दावा आधीच्या दाव्यावर उभा असतो. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा नीला, म्हणजे माझी बायको, सहज म्हणाली, "माझं सुरण जरा वेगळं असतं हं, मुकादमभाई."

"वहिनी, दावा सांगा," साहेब म्हणाले. "दावा पहिला, सुरणाची भाजी. दावा दुसरा, पहिल्या दाव्यातली भाजी, जिच्यात आमसूल आहे. पुढे?"

"दावा तिसरा, दुसऱ्या दाव्यातली भाजी, जिच्यात हे अजिबात लुडबुड करत नाहीत," नीला माझ्याकडे बोट करून म्हणाली.

साहेबांनी घास घेतला, डोळे मिटले. "आक्षेप नाही."

ही त्यांच्याकडची सर्वात मोठी पदवी. सोसायटीचा नवा रंग, माझ्या मुलीचा होणारा नवरा, दोघांनाही ती मिळालेली नाही.

दर रविवारी आम्ही दोघं जेट्टीवर शेजारी शेजारी बसू लागलो. मी मासे पकडायचा प्रयत्न करायचो, ते माझी दोरी बघायचे. मध्येच माझं काहीतरी व्हायचं. चपला ओहोटीबरोबर जायच्या, पकडलेली चिंबोरी मी घाईत खिशात घालायचो. साहेब हसायचे. आवाज न करता, फक्त खांदे हलवून. बायको गेल्यापासून पाचव्या मजल्यावर ते एकटेच राहतात, हे मला माहीत होतं. पण दोन पुरुष अशा विषयावर बोलत नाहीत. आम्ही कड्यांवर बोलायचो.

त्यांच्याबरोबर बसून बसून मला वाटायला लागलं, आपणही एक कडी शोधावी. माझं कळंबोलीच्या लोखंड बाजारात स्टेनलेस स्टीलच्या तारेचं दुकान आहे, तेव्हा कच्च्या मालाची ददात नव्हती. चाळिशी लागल्यापासून दोरीचं टोक एकेका कडीतून ओवणं मला जड जायचं. एक दिवस नीला साडीला सेफ्टी पिन लावत होती आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. सेफ्टी पिनेसारखी उघडणारी कडी! उघडायची, दोरी ठेवायची, बंद करायची. ओवायला नको. मी तार वाकवून दहाबारा कड्या केल्या, काठीवर बांधल्या, दिवाणखान्यात नीलाला दोरीचं टोक धरून उभं केलं. दोरी सरसर गेली. बेलापुरातला एक तरुण वकील गाठून मी अर्ज ठोकला. अर्ज लवकर प्रसिद्ध व्हावा म्हणून त्याची वेगळी मागणीही केली, कारण मला घाई होती. साहेबांना यातलं काही सांगितलं नव्हतं. म्हटलं, चकित करू.

पेढे घेऊन पाचव्या मजल्यावर गेलो. साहेबांनी पेढा उचलला. "कशाबद्दल?"

"मी कडीचा अर्ज केला. पेटंटचा."

साहेबांनी पेढा हळूच परत ताटलीत ठेवला.

"काय कडी आहे ते सांगू नकोस," ते म्हणाले. "विनायक, तुझा अर्ज आमच्याकडेच येणार. मी उद्याच वर लिहून देतो, की अर्जदार माझ्या ओळखीचा आहे, हे काम मला देऊ नका. दुसऱ्याला देतील. पण त्या दुसऱ्याचं टेबल माझ्या टेबलाला चिकटून आहे. माझ्या तोंडून काही निघालं, किंवा नुसतं चेहऱ्यावर दिसलं तर? निकाल लागेपर्यंत आपण बोलायचं नाही."

"किती दिवस?"

"दिवस नाही रे. वर्षं."

मला वाटलं, चार दिवसांत विरघळतील. माणूस विरघळला नाही. मी लिफ्टमध्ये शिरलो की ते बाहेर पडून जिना धरायचे. सोसायटीच्या सभेत माझ्या सूचनेवर मत द्यायची वेळ आली की हात खाली. शेवटी मी वॉचमनबरोबर निरोप पाठवला, निदान हवापाण्यावर तरी बोलू या का? उत्तर दुसऱ्या दिवशी आलं.

"साब ने रातभर सोचा," वॉचमन म्हणाला. "बोले, मौसम से बात जेट्टी पे जाएगी, जेट्टी से काठी पे, काठी से कडी पे. इसलिए नहीं."

मला राग यायला हवा होता. खरं सांगतो, अभिमान वाटला. आपल्याकडे ओळखीचा माणूस कचेरीत असला की लोक पेढे घेऊन जातात, आणि माझ्या ओळखीच्या माणसाने माझा पेढा परत ठेवला होता.

जेट्टीवर ते यायचे, पण पार दुसऱ्या टोकाला बसायचे, पाठ करून. एका रविवारी मी काठी मागे नेली, गळ माझ्याच कॉलरमध्ये अडकला आणि मी पूर्ण ताकदीनिशी स्वतःलाच खाडीकडे भिरकावलं. गुडघ्याएवढ्या चिखलात पडलो. सगळी जेट्टी हसली. साहेब अर्धवट उठले. मी ठीक आहे असं दिसल्यावर खाली बसले. खांदे हलले नाहीत.

ते न हललेले खांदे मला आठवडाभर दिसत होते.

मग जैनबआपा आल्या. साहेबांच्या थोरल्या बहीण, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आलेल्या. रविवारी जेट्टीवरून परत येताना लिफ्टमध्ये काळा चष्मा लावलेल्या एक बाई दिसल्या. त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं.

"तुमीच काय ते विनायक?"

"हो. तुम्ही कसं ओळखलंत?"

"ऐतवारी हातात काठी हाय नि मासा नाय. दुसरा कोन असनार?" त्या म्हणाल्या. "आमच्या घरात सगल्यांना म्हायती हाव तुमी. निसार दर ऐतवारी फोन करायचा. आज विनायकच्या चपला वाहून गेल्या, आज विनायकने चिंबोरी खिशात घातली. आमी फोन मधी ठेवून सगली ऐकायचो. पोरं हसून लोलायची. तो पन हसायचा. भाबी गेली त्याच्यानंतर हसला तो तेवडाच."

तिसरा मजला आला. मी उतरलो नाही.

"आता फोन करतो, दवा घेतली काय विचारतो, नि ठेवतो," आपा म्हणाल्या. "काय भांडान झाला काय तुमचा?"

"नाही आपा. मी अर्ज केलाय. कडीचा."

"कडीचा अर्ज कशाला करायचा? दुकानात मिलते."

घरी येऊन नीलाला सांगितलं. ती म्हणाली, "जगाला तुमची कडी नसली तर चालेल. वरच्या मजल्यावर कोणीतरी हसलं पाहिजे." सोमवारी दुकान उशिरा उघडलं आणि आधी वकिलाकडे गेलो.

"अर्ज मागे घ्यायचाय."

"सर, आत्ताच तर प्रसिद्ध झालाय! कारण काय लिहू?"

"शेजारी बोलत नाही, असं लिहा."

"असं कारण चालत नाही, सर."

"मग कारण लिहू नका."

त्यानंतरचे काही रविवार कोरडे गेले. मी जेट्टीच्या या टोकाला, ते त्या टोकाला. मी अर्ज मागे घेतल्याचं त्यांना ओरडून सांगितलंही होतं, पण त्यांनी मान वळवली नाही. ओरडण्याला कचेरीत किंमत नसते.

आणि मग एका सकाळी साहेब काठी, थर्मास, घडीची खुर्ची असं सगळं बिऱ्हाड उचलून आले आणि माझ्या शेजारी बसले.

"नोंद झाली," ते म्हणाले. "काल बघितली. अर्ज मागे घेतला, म्हणून. आता बोलायला हरकत नाही."

"बोला मग."

साहेबांनी दोन कपांत चहा ओतला. माझा कप माझ्याकडे द्यायचा विसरले. सवय मोडली होती.

"तुझा अर्ज मी वाचला होता. प्रसिद्ध झाला त्याच दिवशी, घरी. प्रसिद्ध झालेलं कोणालाही वाचता येतं."

"मग?"

"हसलो. एकटाच. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग हे विनायकला सांगायलाच हवं म्हणून चप्पल घातली, दार उघडलं, आणि आठवलं." ते खाडीकडे बघत राहिले. "दार लावून घेतलं."

मीही खाडीकडे बघायला लागलो. तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं.

"आपांना सांगायचंत," मी म्हणालो.

"तिलाही नाही. अर्ज चालू होता."

मग मी म्हटलं, "म्हणजे पेटंट तसंही मिळालं नसतंच. आणि मी आपला समजत होतो, मोठा त्याग वगैरे केला."

"नवेपणावर आक्षेप आला नसता," साहेब म्हणाले, आणि आता त्यांचे खांदे हलू लागले होते. "दोरी कापली जाऊ नये म्हणून जी कडी लावतात, तिच्यातच टोकदार पिन बसवणारा माणूस मी घरी बसून सगळ्या जगात शोधला, विनायक. जपानात नाही, कोरियात नाही. तुझ्याइतका खुळा आजवर कोणी झालेलाच नाही."