पानं लाल झाले का?

आदिलाबादेत बँकेत नोकरी करणाऱ्या व्यंकटेशरावांनी लेकीच्या साखरपुड्यात, जिलेबी तोंडात असतानाच, नव्या व्याह्यांना शब्द देऊन टाकला.

"आमच्या नार्नूरकडच्या डोंगरावर कुसुमाच्या झाडांना नवी पालवी येते ना, देवानंदराव, ती लालभडक असते. आठ-दहा दिवसांचा खेळ, मग सगळं हिरवं. पण नेमका दिवस साधायचं माझ्याकडे लागलं."

यवतमाळचे देवानंदराव फोटोंचे शौकीन. ते दर रविवारी फोनवर विचारू लागले, आणि व्यंकटेशराव दर रविवारी डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, बयनाबाईला, फोन लावू लागले.

"आक्का, पानं लाल झाले का?"

"नाई रे. फांद्या उघड्याच हायेत अजून."

होळी झाली तरी फांद्या उघड्याच. "यंदा थंडी लांबली ना," असं व्यंकटेशराव व्याह्यांना अधिकारवाणीने सांगत. शेवटी एकदाचा निरोप आला. "या आता. समदे या."

दोन गाड्या भरून मंडळी निघाली. लाल रंगावर उठून दिसावा म्हणून व्यंकटेशरावांनी मुद्दाम पांढरा झब्बा घातला होता. बहिणीच्या दारावरून नुसता हात हलवत ते सगळ्यांना घेऊन थेट डोंगर चढले. वळण ओलांडलं आणि समोर कुसुमाची झाडं उभी होती. हिरवीगार.

देवानंदरावांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुन्हा खाली घेतला. "छान आहे," ते म्हणाले, "सावली दाट आहे."

व्यंकटेशरावांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "आमच्या आक्काला लाल-हिरवं कळत नाही, करता काय," ते हसत म्हणाले. दुसरं कोणी हसलं नाही.

खाली उतरून ते तडक चुलीपाशी गेले. "आक्का, काऊन असं केलं? व्याह्यापुढं नाक कापलं माहं."

बयनाबाई भाकरी थापतच राहिली. "गेल्या साली तू बँकेतले लोकं घेऊन आलता, आठवते? तवा तुहे भाऊजी पाय मोडून आतल्या खोलीत पडले होते. मी ज्वारीची काढणी टाकून समद्याईच्या भाकरी केल्या. तू जेवला, डोंगराचे फोटो दाखवले अन् गेला. ते आतून तुहा आवाज आयकत होते. यंदा म्हटलं, पानाईचा भर उतरू दे. डोंगर नसला त मानसं दिसतीन."

गेल्या वर्षीचे फोटो अजून व्यंकटेशरावांच्या फोनात होते. एकात मागे हे घरही आलं होतं, आतल्या खोलीच्या खिडकीसकट. आपली आपल्यालाच लाज वाटणं काय असतं, ते त्यांना चुलीच्या धुरात नीट कळलं.

बाहेर भाऊजी, डोमाजी, काठी टेकत ओसरीवर आले होते. "बसा, बसा," देवानंदराव उठून म्हणाले, "पायाला काय झालं हो तुमच्या?" भेटून मिनिटही झालं नव्हतं. जेवण होईपर्यंत दोघांची गट्टी जमली आणि कॅमेऱ्यात डोमाजींचेच फोटो भरले.

पुढच्या रविवारी व्यंकटेशरावांनी आपणहून फोन लावला. दोनदा घसा साफ केला.

"आक्का, भाऊजीचा पाय कसा हाये?"

फोन पायाची चौकशी करायला केलाय यावर बयनाबाईचा काही विश्वास बसला नसावा.

"नाई रे," ती म्हणाली, "आता पुढच्या फागुनातच लाल होतीन."