दोन बाया पाहिजेत

नर्स हन्नाबाईंना आठ दिवसांची रजा हवी होती आणि डॉक्टर शांतवन ती द्यायला एका पायावर तयार होते. अट एवढीच, की आधी दोन मदतनीस बाया मिळाल्या पाहिजेत. होत्या त्या दोघी लढाईपायी लष्करी इस्पितळात गेल्या, आणि मिशनच्या त्या दवाखान्यात चौदा खाटा व एकट्या हन्नाबाई उरल्या. सहा महिने त्या उभ्यानेच जेवत होत्या. परवा तर उपासनेत उभ्यानेच घोरल्या.

रजा लेकीसाठी हवी होती. दयाचं पहिलं बाळंतपण, म्हणजे ते माहेरीच व्हायचं. पण सहा कोसांवरच्या पुणतांब्याहून तिच्या सासूचा, साराबाईंचा निरोप आला होता, "माहेरी बघायला कोन हाय? इहीनबाईंना सवड झाली की धाडू पोरीला." हे बोलणं हन्नाबाईंच्या फार जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं.

जाहिरात त्यांनीच लिहिली. 'दवाखान्यात दोन बाया पाहिजेत. रक्त बघून घेरी येऊ नये. बाकी आम्ही शिकवू.'

"ही काय जाहिरात झाली?" डॉक्टर म्हणाले. "अशानं कुणीही उठून येईल."

"कुणीतरी येऊ द्या हो, साहेब."

डॉक्टरांनी तांबडी पेन्सिल घेतली आणि खाली जोडलं, 'बाई पोक्त व सुशील असावी. दोन प्रतिष्ठित गृहस्थांच्या शिफारशीसह सोमवारी हजर राहावे.' हन्नाबाईंनी मान डोलावली. त्या वेळी 'बाईला घोड्यावर बसता यावे' असं लिहिलं असतं तरी त्यांनी डोलावली असती. कागद रविवारी गावोगावच्या उपासनेत वाचला गेला आणि बाजारात त्याची दवंडीही पिटली गेली.

सोमवारी सकाळी दारात सात बैलगाड्या उभ्या राहिल्या. प्रत्येक गाडीतून एक बाई उतरली आणि तिच्यामागून दोन-दोन प्रतिष्ठित गृहस्थ उतरले.

"अहो, चिठ्ठी आणायची होती!" हन्नाबाई कळवळल्या.

"चिठ्ठी काय, कुनी बी लिव्हून देतंय," गोरक्ष पाटील फेटा सावरत म्हणाले. "आमी सोता आलो. इचारा काय इचारायचं ते."

बाकं पुरेनात, म्हणून गृहस्थ खाटांवर रोग्यांच्या पायथ्याशी बसले. मानाची माणसं, चहा तर दिलाच पाहिजे. त्यात रेशनची महिन्याची साखर संपली. बायांनी वडीलधाऱ्यांसमोर पदर कपाळाखाली ओढले आणि तोंडातून अक्षर काढीनात.

"रक्ताची भीती वाटते का?" हन्नाबाईंनी पाटलांबरोबर आलेल्या गोजरबाईला विचारलं.

"न्हाई वाटत तिला," पाटील म्हणाले.

"तिला बोलू द्या की."

"म्या हाय न्हवं बोलायला!"

तेवढ्यात पायावर कुऱ्हाड बसलेला एक माणूस झोळीतून आला. धोतर रक्तानं भिजलेलं. पाटलांनी ते पाहिलं, 'अरं देवा' म्हटलं आणि फेट्यासकट जमिनीवर आडवे झाले. गोजरबाईनं पदर मागं टाकला. पाटलांचे पाय उचलून बाकावर ठेवले, तोंडावर पाणी मारलं आणि दुसऱ्या हातानं जखमी माणसाच्या पायावर फडकं दाबून धरलं.

"ही घेतली," डॉक्टर म्हणाले.

आठवी गाडी दुपारी आली. तिच्यात कुणी गृहस्थ नव्हते. कळा सुरू झालेली दया होती, आणि तिचं डोकं मांडीवर घेतलेल्या साराबाई.

"उपासनेत कागद ऐकला," साराबाई खाली उतरत म्हणाल्या. "म्हनलं, इहीनबाईंना काय सवड व्हत न्हाई. पोरीचं बाळंतपन बी हुईल अन् माजी नोकरी बी." मग त्यांनी खाटांवरच्या प्रतिष्ठितांकडे पाहिलं. "हे कोन? उठा! बाईमानूस अडलंय अन् तुमी च्या ढोसताय?"

दोन मिनिटांत सगळे प्रतिष्ठित चिंचेखाली गेले. "ही पण घेतली," डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी हन्नाबाईंच्या हातात नात आली, तेव्हा दमल्यामुळे की आनंदानं कोण जाणे, पण त्या ढसाढसा रडल्या.

"दोन बाया मिळाल्या," डॉक्टर म्हणाले. "उद्यापासून तुमची रजा. बोललो ते बोललो."

आता जायचं कुठं? दुसऱ्या दिवशी सकाळी हन्नाबाई लेकीशेजारच्या रिकाम्या खाटेवर पाय लांब करून पडल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा पाठ टेकली होती. डोळा लागतो न लागतो तोच कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यानं हाक मारली, "बाई, भांडं द्या हो!"

गोजरबाई विहिरीवर गेली होती. साराबाई लगबगीनं पुढं आल्या. "सांगा इहीनबाई, काय करू? सायेब म्हनले, हन्नाबाई सांगतील तसं करायचं."

हन्नाबाईंनी तोंड उघडलं. पण मुलाकडची विहीण! जिचे पाय धुवायचे, तिला म्हाताऱ्याचं लघवीचं भांडं उचलायला कसं सांगायचं? त्यांच्या आईनं, आजीनं जे म्हटलं असतं तेच तोंडून आपोआप निघालं, "छे, छे! तुम्ही बसा हो. तुम्ही कशाला?"

"बरं," म्हणून साराबाई बसल्या.

हन्नाबाईंनी पदर खोचला आणि भांडं उचललं. रजेचा पहिलाच दिवस होता, अजून सात बाकी होते.