काडतूस-यंत्राचं तेलपाणी

कोणतंही कार्य तडीस न्यायचं तर पूर्वतयारी पक्की असावी लागते. आणि पूर्वतयारी खरोखरच पक्की असेल, तर पुढे कार्याची फारशी आवश्यकता उरत नाही. शिकल्यासवरल्या माणसांनी हे सत्य फार पूर्वीच ओळखलं आहे. निपाणीचे वाणिज्याचे प्राध्यापक वर्धमानसर यांनी ते यंत्रावर सिद्ध करून दाखवलं, इतकंच.

यंत्र काडतुसं भरायचं. नेमबाजीत उडवलेल्या काडतुसाचं पितळी टरफल फेकून न देता दाबून पुन्हा मापात आणायचं, त्यात दारू भरायची, वर गोळी बसवायची, असं ते काम. गावच्या रायफल क्लबनं त्यासाठी रीतसर परवाना मिळवला, कारण विकतची काडतुसं वेळेवर येत नसत, आणि येत तेव्हा स्पर्धा होऊन गेलेली असे. (क्लब फक्त कागदावर गोळ्या झाडतो. कागदाला जीव नसतो, याबद्दल सरांच्या जैन घराण्यात एकमत आहे.) यंत्र आणून चालू करण्याची जबाबदारी सभेनं सरांवर सोपवली. सर त्या सभेला हजर नव्हते.

घाई होती ती डॉ. भीमरत्न यांना. दातांचे डॉक्टर, क्लबातला सगळ्यात स्थिर हात. गेल्या साली धारवाडच्या निवड स्पर्धेत एका गुणानं हुकलेले. यंदा क्लबातच भरलेल्या, एकसारख्या काडतुसांवर सराव करायचा आणि त्यांच्याच जोरावर निवड मारायची, एवढंच त्यांचं मागणं. गेल्या सालच्या त्याच स्पर्धेत सरही उतरले होते. त्यांच्या गोळ्या शेजारच्याच्या निशाणावर सापडल्या, आणि पंचांनी ही गोष्ट सर्वांना कळावी म्हणून मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत जाहीर केली. (भाषिक समन्वयाचं इतकं स्वच्छ उदाहरण सीमाभागात विरळा.) काडतुसं तयार झाली की यंदाही सरांना उभं राहावं लागणार होतं. या बाबीचा पुढील घटनांशी काही संबंध असल्याचं सर मान्य करत नाहीत.

यंत्र कोल्हापूरहून आणताना कर्नाटकच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर गाडी तपासली गेली. सरांनी परवाना दाखवला आणि नेमबाजीचा इतिहास सांगायला घेतला. पोलिसानं तो ऐकून न घेता यंत्राचा दांडा एकदा ओढून बघितला.

“बिगी ऐती, सर.”

म्हणजे, घट्ट आहे. यंत्राविषयीचं हे पहिलं शासकीय निदान.

पुस्तिकेत उपाय एका ओळीत दिला होता : थोडं तेल लावून दांडा काही वेळा वरखाली करावा. सामान्य माणूस तेल लावून मोकळा झाला असता. सरांनी ‘थोडं’ आणि ‘काही वेळा’ या संज्ञांची व्याख्या दिलेली नसल्याची गंभीर दखल घेतली आणि यंत्र घरच्या टेबलाला बोल्ट मारून बसवलं. (रिकामंच. दारू क्लबच्या कुलपात असते. सरांच्या घरात कुठल्याच प्रकारची नसते.)

आधी कारखान्याचं मूळचं तेल पुसून काढण्यात आलं, कारण ते कोणी लावलं हे ठाऊक नव्हतं. मग नव्याची निवड. शिलाई मशीनचं पातळ ठरलं. खोबरेल थंडीत थिजतं. राहिलं ग्रीस, पण त्यात प्राण्यांची चरबी नाही असं कंपनीकडून लेखी आल्याशिवाय डबा उंबऱ्याच्या आत येणार नव्हता. उत्तराला वेळ लागला, पण आलं : चरबी नाही. (गोळीचं काय, हा मुद्दा त्या पत्रव्यवहाराच्या कक्षेबाहेरचा होता.)

मग दांडा वरखाली होऊ लागला. सकाळी पूजेनंतर, संध्याकाळी बातम्यांबरोबर. सरांचा उजवा दंड असा भरला की शिंप्यानं माप दोनदा घेतलं. पाहुणेही चहाच्या आधी दांडा ओढू लागले. ओढणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांचं मत ‘लोण्यागत’ असं पडलं. उरलेल्या दहा टक्क्यांत सर एकटेच होते.

“अहो, चकलीच्या सोऱ्याला मी तेलाचं बोट फिरवती आन् चकल्या पाडती,” सरांच्या पत्नी शालनबाई म्हणाल्या. “तुमच्यागत त्याला महिनाभर न्हाऊमाखू घालत न्हाय.”

“चकलीला अचूकता लागत नाही, शालन.”

“व्हय? मग चकलीला काटा न्हाय आला की ताट बाजूला सारतंय कोण?”

डॉ. भीमरत्न एक दिवसाआड टरफलांची पिशवी घेऊन येत.

“सर, आज एक तरी घालून बघूया की.”

“अजून जरा खरखर आहे, डॉक्टर.”

डॉक्टरांनी यंत्राला कान लावला. “सर, मी दिवसभर लोकांच्या तोंडात ड्रिल चालवतो. खरखर कशाला म्हणतात ते मला कळतंय. ह्यात न्हाय ती.”

“तोंडात लाळ असते. इथं शुद्ध घर्षण आहे.”

“स्पर्धा पुढच्या आठवड्यात हाय, सर!”

“म्हणूनच घाई नको.”

अखेरचा उपाय म्हणून सरांनी गॅरेजमधून इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आणली आणि टरफल दाबणाऱ्या दट्ट्याला चोळून तो घासला. घासता घासता खरखर गेली, घट्टपणा गेला, आणि त्यापाठोपाठ थोडं लोखंडही गेलं. आता दांडा सोडला की आपोआप खाली यायचा. सरांनी डॉक्टरांना स्वतः फोन करून बोलावलं. डॉक्टरांनी दट्ट्या दोन बोटांत धरून हळूच हलवला.

“सर,” ते म्हणाले, “हा दात हलतोय.”

टरफल आत सरळ गेलं आणि बाहेर तिरपं आलं. त्या यंत्रावर भरायला घेतलेलं ते पहिलं आणि शेवटचं टरफल.

डॉक्टरांनी बेळगावच्या दुसऱ्या क्लबातून मिळतील ती, निरनिराळ्या खेपांची काडतुसं रीतसर घेतली आणि धारवाड गाठलं. सर यंत्राचं काम प्रलंबित असल्यानं जाऊ शकले नाहीत. डॉक्टर या वेळी दोन गुणांनी हुकले.

सांत्वन हे कर्तव्य असल्यानं सर दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेले. डॉक्टर हात धूत होते.

“वाईट वाटून घेऊ नका,” सर म्हणाले. “तयारी कमी पडली, दुसरं काय!”

डॉक्टरांनी नळ बंद केला. मग खुर्चीवरचा दिवा लावला.

“व्हय, सर. बसा. आ करा.”

“आज नको,” सर दाराकडे सरकत म्हणाले. “आज मी तयारीनं आलो नाही.”

आपण हसलात, याला सरांची हरकत नाही. मात्र हे वाचायला घेण्याआधी आपण जे काम करायला टेबलाशी आला होता, ते अजून तसंच पडलं आहे. त्याला एकदम हात घालू नका. आधी टेबल पुसून घ्या. पेन्सिलीला टोक काढा. चहा टाका. दोन कप टाका. सर येतायत सोबतीला.