पदवीसाठी सज्जन पाहिजेत

नोकरी सांभाळून पदवी मिळवणे कठीण असते, असे म्हणणाऱ्यांची मला नेहमीच कीव येत असे. कठीण काहीही नसते. नियोजन नसते, एवढेच! मी मूळचा तंत्रनिकेतनात यंत्रशाळेचे शिक्षण घेतलेला माणूस. पुढे पोलीस खात्यात उपनिरीक्षक झालो हा योगायोग. पण लेथवर घडलेले मन वर्दी चढवल्याने बदलत नाही. कामाआधी आराखडा, आराखड्याआधी मोजमाप आणि मोजमापाआधी चष्मा पुसणे, या क्रमाने मी आयुष्य काढले आहे. म्हणून निवृत्ती नजरेच्या टप्प्यात आलेली असताना विद्यापीठात पोलीसशास्त्राच्या पदवीसाठी नाव नोंदवले, तेव्हा ठाण्यात सर्वांसमक्ष मी जाहीर केले, "बघत राहा, ही पदवी मी घड्याळासारखी टिकटिक करत घेतो!"

"साहेब, घड्याळ पुढे आहे की मागे?" आमच्या हवालदाराने अदबीने विचारले. मी दुर्लक्ष केले.

ही पदवी हौसेसाठी नव्हती. पोलीस प्रशिक्षण विद्यालयात शिक्षकाची जागा रिकामी होणार होती. नव्याने भरती झालेल्या मुलांना शिकवावे, ही माझी फार जुनी इच्छा. आणि त्या जागेसाठी पदवी आवश्यक. सर्व लेखी परीक्षा मी सुरळीत पार केल्या. उरला तो एक प्रकल्प. विषय होता, सामान्य नागरिकांचा पोलिसांवरील विश्वास.

तो प्रकल्प मी एकदा सादरही केला होता. माझ्या मार्गदर्शक मॅडम माझ्या धाकट्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी चार पाने उलटली आणि विचारले, "सर, या मुलाखती कुठे घेतल्यात?"

"ठाण्यात."

"कोणाच्या?"

"कोठडीतल्या लोकांच्या. मॅडम, हल्ली निवांत वेळ देणारी माणसं मिळतात कुठे? ही मंडळी हमखास जागेवर सापडतात!"

मॅडमनी प्रकल्प मिटून माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाल्या, "सर, मला साधी माणसं हवीत. सज्जन. ज्यांनी काहीही केलेलं नाही अशी! आणि पुन्हा प्रकल्प नाकारला गेला, तर तुमची नोंदणीच रद्द होईल. मग पदवी विसरा."

माझा चेहरा पाहून त्यांना दया आली असावी. त्यांनी मला संशोधनातली साखळी पद्धत समजावून सांगितली. "एका माणसाशी बोलायचं. शेवटी त्यालाच विचारायचं, आणखी कोणाशी बोलू? तो पुढचं नाव सुचवतो. साखळी आपोआप वाढत जाते."

"अहो मॅडम, हे तर मी रोज करतो!" मी आनंदाने म्हणालो.

खरे तर त्यांनी मला त्याच क्षणी थांबवायला हवे होते.

घरी येऊन मी दिवाणखान्याची शास्त्रशुद्ध मांडणी केली. मध्ये टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, पाहुण्याची खुर्ची भिंतीला टेकवून, आवाज टिपण्यासाठी यंत्र, पाण्याचा पेला, आणि खोलीत उजेड कमी म्हणून टेबलावर दिवा. दिव्याचा कोन मी दोनदा तपासला.

सौभाग्यवती दारात उभी राहून पाहत होती. "अहो, कोणाला झोडपणार आहात?"

"काहीतरीच काय! माणूस आरामात बसावा म्हणून केलंय हे सगळं."

"दिवा त्याच्या डोळ्यांत आहे."

"त्याचे हावभाव टिपायचे असतात!"

पहिला मान समोरच्या घरातल्या निवृत्त मुख्याध्यापकांना दिला. ग्राइंडरवर घासून गुळगुळीत केलेला सज्जन माणूस! घरच्या चपला घालून, हसत हसत आले. मी यंत्र सुरू केले आणि नियमाप्रमाणे सांगितले, "तुमचं नाव गुप्त राहील. तुम्ही केव्हाही उठून जाऊ शकता." त्यांचे हसू थोडे आखडले.

यानंतर मी विषय सांगणार होतो. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत जिभेला जे वळण पडले आहे, त्याने घात केला. तोंडातून आपोआप निघून गेले, "तुम्हाला इथे का बोलावलंय, कल्पना आहे?"

आणि सवयीने मी गप्प बसलो.

मुख्याध्यापकांनी दिव्याकडे पाहिले, यंत्राकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. कपाळावर घाम फुटला. "सांगतो!" ते एकदम म्हणाले. "वाचनालयातल्या वर्तमानपत्रातलं शब्दकोडं... ते मीच कापून नेतो!"

"मास्तर, अहो..."

"घरी निवांत सुटतं हो! तिथे लोक मागून उत्तरं सांगतात!"

मी हबकलो, पण आराखडा मोडणे माझ्या स्वभावात नाही. ठरल्याप्रमाणे शेवटचा प्रश्न विचारला, "आणखी कोणाशी बोलू?"

"इस्त्रीवाल्याशी!" मास्तर कडाडले. "मी एकटाच का? माझ्या निळ्या सदऱ्याचं काय झालं, विचारा त्याला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीवाला आला तो बायकोला घेऊन. हातात कपड्यांची पिशवी आणि जेवणाचा डबा.

"डबा कशाला?" मी विचारले.

"साहेब, आत किती दिवस काढावे लागतील, काय सांगावं!"

"अरे बाबा, हा अभ्यास आहे माझा! तू केव्हाही उठून जाऊ शकतोस."

तो बिचारा उठू लागला, तोच बायकोने त्याचा हात धरून खाली ओढले. "उठू नका हो! हे मुद्दाम सांगतात! उठलात की म्हणतील, पळून जाताना पकडला!"

मग त्याने सर्व काही सांगून टाकले. मास्तरांना सांगितल्याप्रमाणे सदरा जळाला नव्हताच. तो घालून हा मेव्हण्याच्या लग्नात मिरवून आला होता, आणि तिथे त्यावर काहीतरी सांडले होते. "आणि त्या दातवाल्या डॉक्टरांना का नाही बोलावत?" मी विचारण्याआधीच त्याने साखळी पुढे नेली. "पाटी बघा त्यांची! अजिबात दुखणार नाही, म्हणे! माझी किंकाळी चौकापर्यंत ऐकू गेली होती!"

एवढे बोलून दोघे धूम ठोकून पळाले. पिशवी आणि डबा माझ्याकडेच राहिले.

डॉक्टर आले ते वकिलासह. मी तोंड उघडण्यापूर्वीच वकील म्हणाले, "माझ्या अशिलांचा पोलिसांवर पूर्ण विश्वास आहे. याहून अधिक ते वकिलाशिवाय एक शब्दही बोलणार नाहीत."

"पण तुम्ही आहातच की इथे!"

"म्हणूनच बोलत नाहीत."

यानंतर साखळी माझ्या हातात राहिली नाही. मोठा तपास सुरू आहे, अशी आवई गल्लीभर उठली. सकाळी दार उघडावे तर पायरीवर वस्तू! वाचनालयाची पुस्तके, बागेतल्या कुंड्या, सार्वजनिक शिडी, आणि कहर म्हणजे माझे स्वतःचे छिद्र पाडायचे यंत्र! कोण घेऊन गेले ते मी केव्हाच विसरलो होतो. परत आले ते चक्क तेलपाणी करून!

सौभाग्यवती मात्र प्रसन्न होती. "इतक्यात अभ्यास संपवू नका. माझं मोठं पातेलं अजून यायचंय."

पण पातेल्याआधी वरिष्ठांचा फोन आला. "कोणता तपास चालवताय तुम्ही घरी बसून?"

"पदवीचा, साहेब."

पलीकडे फोन हातातून पडल्याचा आवाज आला. आणि लगोलग मॅडमचा फोन आला. "सर, त्या दातांच्या डॉक्टरांच्या वकिलांनी विद्यापीठाकडे तक्रार केली आहे! पोलिसाने धमकावून मुलाखती घेतल्या, म्हणे. बाहेरचे परीक्षक सोमवारी येतायत. तक्रार कायम राहिली, तर प्रकल्प त्यांच्यापर्यंत पोचणारही नाही."

मी दिवा बंद करून पाहुण्याच्या खुर्चीत बसलो. तेव्हा कळले, ती खुर्ची किती अरुंद आहे. प्रशिक्षण विद्यालय, फळा, खडू, समोर बसलेली मुले... सगळे चित्र हळूहळू पुसट होत गेले.

सौभाग्यवती शेजारी येऊन बसली. आवाज मऊ होता. "अहो, तुम्ही कोणाला धमकावलं नाहीत, ते मला ठाऊक आहे. पण तुम्ही प्रश्न विचारून गप्प बसता ना, ते फार भयंकर असतं. लग्न झाल्यावर तुम्ही एकदा विचारलंत, भाजीत मीठ कोणी घातलं? आणि गप्प बसलात. मी मीठच काय, माहेरच्या सगळ्या भानगडी सांगून टाकल्या!"

"मग करू काय आता?"

"त्या इस्त्रीवाल्याची पिशवी आणि डबा परत देऊन या. आणि त्याच्या दुकानात बसा, तुमच्या नाही."

पिशवी आणि डबा घेऊन गेलो. इस्त्रीवाल्याने मला एका मोडक्या स्टुलावर बसवले. स्टूल डुगडुगत होते. मी खिशातली कागदाची घडी त्याच्या पायाखाली सरकवली आणि त्याला सगळी हकिकत सांगितली.

तो इस्त्री खाली ठेवून पाहतच राहिला. "म्हणजे साहेब, तुम्हाला नापास व्हायची भीती वाटते?"

"फार!"

तो इतका हसला की बायको बाहेर धावत आली. मग गंभीर झाला. "खरं सांगू? माझं दुकान फुटलं होतं, तेव्हा ठाण्यात तुम्हीच नीट ऐकून घेतलं होतंत. विश्वास आहे, साहेब. पण तुमचं बोलावणं आलं की पाय लटपटतात. दोन्ही खरं आहे."

इतक्या दिवसांत ऐकलेले प्रकल्पाच्या उपयोगाचे हे पहिले वाक्य! उपकरणच सदोष असेल, तर मोजमाप चुकणारच. आणि इथे सदोष उपकरण म्हणजे मी! मग मी घरोघरी गेलो, लोकांच्या खुर्च्यांवर बसलो, आधी त्यांच्या प्रश्नांची उत्तरे दिली. मास्तरांनी मला शब्दकोडे सोडवायला लावले. डॉक्टर तक्रार मागे घ्यायला तयार झाले, पण एका अटीवर: मी त्यांच्या खुर्चीत बसायचे आणि प्रश्न ते विचारणार. त्यांनी माझ्या तोंडात आरसा, नळी आणि कापूस घालून शांतपणे विचारले, "आता सांगा, कसं वाटतं?"

अजिबात दुखले नाही, असे मी लिहून दिले. तक्रार मागे घेतली गेली.

घडले ते सर्व, माझ्या चुकांसह, मी प्रकल्पात मांडले. सोमवारी परीक्षकांसमोर बसलो; शेजारी मॅडम होत्या. परीक्षक वयस्कर, सौम्य गृहस्थ. त्यांनी पाने चाळली आणि म्हणाले, "बरं. छान आहे."

मी मान डोलावली.

"प्रथम श्रेणी देतोय मी," ते म्हणाले.

आनंदाने माझी वाचाच बसली. मी नुसता पाहत राहिलो. परीक्षक चुळबुळले. रुमालाने मान पुसली. पुन्हा माझ्याकडे पाहिले. आणि एकाएकी म्हणाले, "हे बघा, प्रवासात फार गर्दी होती! मुखपृष्ठ वाचलं मी. आणि शेवटचं पान. मधलं... मधलं नाही वाचलं!"

मॅडमनी कपाळावर हात मारला. त्या मला डोळ्यांनी खुणावत होत्या: उठा, आभार माना, निघा!

आणि मी उठणारही होतो. पण मधल्या पानांवर इस्त्रीवाला होता, मास्तर होते, सगळी भ्यालेली माणसे होती. न मोजताच योग्य म्हणून शिक्का मारलेला सुटा भाग मी कधी यंत्रशाळेबाहेर जाऊ दिला नव्हता.

"सर, आपण वाचा," मी म्हणालो. "मी थांबतो."

त्यांनी खरेच वाचले. अक्षरन् अक्षर. बऱ्याच ठिकाणी खदखदून हसले. त्यांतल्या एकाही ठिकाणी मी विनोद केलेला नव्हता. शेवटी डोळे पुसत म्हणाले, "माणसं अगदी खरी आहेत हो यात! पण भाषा पंचनाम्याची, तक्ते उलटे, आणि निष्कर्ष प्रस्तावनेच्या आधी!" मग त्यांनी लेखणी उचलली, प्रथम श्रेणी खोडली आणि तिथे लिहिले, उत्तीर्ण.

सध्या मी प्रशिक्षण विद्यालयात शिकवतो. मुले चौकस आहेत, कोणीतरी हमखास विचारते, "सर, तुमची पदवी कितव्या श्रेणीतली?" मी म्हणतो, "परीक्षकांनी संपूर्ण प्रकल्प वाचून दिलेल्या श्रेणीतली!" आणि घाईघाईने फळा पुसायला वळतो.