दळवीकाकांची टाळेबंदी

रविवारी सकाळी आमचे शेजारी दळवीकाका कानांत कापसाचे बोळे घालून भाजी आणायला निघतात. कान दुखतात म्हणून नव्हे, वारं लागतं म्हणूनही नव्हे. आदल्या रात्री कॅनडात झालेल्या आइस हॉकीच्या मॅचचा स्कोअर कुणी चुकून सांगू नये म्हणून.

आता इंग्लंडातल्या लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर आइस हॉकीचा स्कोअर सांगणार कोण? दोन्ही बाजूंना साड्या, सोनं, फरसाण. क्रिकेटचा स्कोअर तुम्ही न विचारता तीन माणसं सांगतील. पण बर्फावर बूट घसरवत, काठ्या घेऊन एका काळ्या रबरी चकतीच्या मागे धावणाऱ्या लोकांशी इथे कुणाचं काय देणंघेणं? हे मी काकांना एकदा म्हणालो. काकांनी एका कानातला बोळा जरासा उचलला आणि म्हणाले, "संतोष, मुद्दा टेबलावर ठेव. धोका कमी आहे की नाहीच आहे?"

"कमी आहे."

"मग झालं." बोळा परत आत.

एकदा भाजीवाल्या हसमुखभाईंनी मेथी स्वस्त काढली होती. काकांना ऐकू येईना म्हणून त्यांनी बोटांनी सांगितलं. आधी दोन बोटं, म्हणजे दोन जुड्या. मग एक बोट, म्हणजे एकीच्या भावात. काकांनी डोळे गच्च मिटले आणि भर दुकानात ओरडले, "दोन-एक! सांगितलंत ना शेवटी!" पिशवी तिथेच टाकून घरी. ती मेथी मीच पोचवली.

काका मूळचे रत्नागिरीचे. तरुणपणी इथल्या मोजे-बनियनच्या गिरणीत लागले, पुढे निवृत्तीपर्यंत बस चालवली, आणि दोन्हीकडे युनियनचे पुढारी होते. नोकरी सुटली, युनियन सुटली नाही. घरात पोहे की उपमा यावरही ते मतदान घेतात. दोन मतं होतात, एक काकांचं आणि एक काकूंचं. मग काकू म्हणतात, "बरोबरीत सुटलं ना? आता मी करते तेच खायचं."

मी नववीत शाळा सोडलेला माणूस. बायको सुनीता नर्स, तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि तिच्या मागून मी इस्लामपूरजवळच्या गावातून इथे आलो. सँडविचच्या फॅक्टरीत पॅकिंगला लागलो. पहिल्या हिवाळ्यात मला सगळ्याचीच भीती. पोस्टातून आलेल्या पाकिटाची, सुपरवायझरची, दारावरच्या घंटेची. अशीच एकदा घंटा वाजली, मी दार उघडलं, तर एक अनोळखी म्हातारा हातात जाड बूट घेऊन उभा. "तुमच्या पायांत चपला दिसल्या खिडकीतून. हे घाला. आणि फॅक्टरीत ब्रेक देतात का?" देतात म्हणालो. "देतात ते कळलं, तुम्ही घेता का?" मी बूट पायांत चढवले. त्या दिवसापासून मी कामावरून आलो की कुंपणापलीकडून पहिला प्रश्न येतो, "आज ब्रेक घेतलास?" या देशात माझी अशी चौकशी करणारं दुसरं कुणी नव्हतं. ते बूट अजून वापरतो.

तर त्या बोळ्यांचं. काकांचा एकुलता एक मुलगा मिलिंद कॅलगरीत असतो. लेस्टरमध्ये जन्मला, शिकला, मराठी जरा मोडकंच, तिकडे गेला आणि तिकडचा होऊन बसला. दर रविवारी दुपारी तीनला त्याचा फोन यायचा, आणि तो आदल्या रात्रीची मॅच पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचा. काकांकडे डिश नाही. टीव्हीवर ती चकती दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मिलिंदने सांगितली की दिसते. फोनवर काका उभे राहायचे, खाली बसायचे, काठी घेऊन दिवाणखान्यात घसरल्यासारखे करायचे. "मार! अरे मार ना!" माझ्या भिंतीतून सगळं ऐकू यायचं. काका हॉकीवेडे आहेत, असंच मला वाटायचं.

२००४ च्या सप्टेंबरात तिकडच्या मोठ्या लीगच्या मालकांनी खेळालाच कुलूप ठोकलं. मालक म्हणत होते, खेळाडूंच्या पगाराला वरची मर्यादा हवी. खेळाडू म्हणत होते, नको. काका असे पेटले की काकूंनी त्यांचा चहाच बंद केला.

"काका, तुमच्या हॉकीवाल्यांनी स्ट्राइक केली म्हणे?" हसमुखभाईंनी विचारलं.

"स्ट्राइक नव्हे!" काकांनी वजनाच्या काट्यावर हात आपटला. काटा हलला, मागच्या बाई दचकल्या. "आधी शब्द सरळ करा. संप कामगार करतो. टाळेबंदी मालक करतो. ही टाळेबंदी आहे!"

"पण मॅच तर नाय ना?"

"नाही."

"मग सेमच थयुं."

तीन आठवडे काका त्या दुकानात गेले नाहीत.

काकू घरी टोमणे मारायच्या. "अहो, त्या तुमच्या कामगारांच्या घरात पोहायचे तलाव आहेत."

"असू देत. तलावात पोहणारा कामगारसुद्धा कामगारच."

"आणि आमच्या बाथरूमचा नळ गळतोय."

"तो वेगळा मुद्दा. पुढच्या बैठकीत."

इथवर सगळी गंमत होती. मॅच नाहीत, तर रविवारी बापलेक टाळेबंदीवर बोलायचे. पण मिलिंद तिकडे एका कंपनीत मॅनेजर. काकूंनी नंतर सांगितलं, एका रविवारी तो म्हणाला, "बाबा, मालकांचा पॉइंटपण बरोबर आहे. पगाराला लिमिट पाहिजे." भिंतीपलीकडे काका खुर्चीतून उठल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "मी गिरणीच्या दारात पावसात उभा राहिलो, त्या पगारावर तू शिकलास. आणि आता मालकांच्या बाजूने बोलतोस?" तिकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. फोन मात्र आदळला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. काकांचा नियम ठरलेला, "बोलणी ज्याने मोडली, फोन त्याने करायचा." दोघांनाही वाटत होतं की समोरच्याने मोडली. काकूंशी मिलिंद बोलायचा. काका संध्याकाळी फिरायला गेले की त्याचा ऑफिसातून फोन यायचा. काकांना हे माहीत होतं. म्हणून ते पाऊस असला तरी फिरायला जायचे, आणि परत आल्यावर काही विचारायचे नाहीत. काकू कणीक मळता मळता भिंतीला सांगितल्यासारखं म्हणायच्या, "सर्दी झालीये म्हणे एकाला." काका पेपरमागून हुंकार द्यायचे.

पण रविवारचे बोळे काही सुटले नाहीत. मॅच नाही, स्कोअर नाही, तरी कानांत कापूस. काकू मला म्हणाल्या, "विचार त्यांना, आता कसला स्कोअर लपवताय? शून्य-शून्य चाललंय दोघांचं."

त्यातच बातमी आली. तिकडे बेकार बसलेले खेळाडू युरोपभर मिळेल तिथे खेळायला निघाले होते, आणि मिलिंदच्या टीमचा सात नंबर, बचावातला पहाडासारखा गडी, चक्क आमच्या शेजारच्या गावातल्या टीममध्ये आला! बसने तासभराच्या अंतरावर! मला वाटलं, काका नाचतील. काका एका ठिकाणी उभे राहिले, मान हलवली, आणि म्हणाले, "याच्यामुळे इथला कुणीतरी बाहेर बसला असेल."

चौकशी केली. होता. दिवसा भिंतींना प्लॅस्टर करणारा डॅरेन नावाचा एक जण. त्याची जागा सात नंबरला दिली होती.

"पिकेट!" काका म्हणाले.

पिकेट म्हणजे कामाच्या दारात फलक घेऊन उभं राहायचं, आत जाणाऱ्याला अडवायचं तोंडाने, आणि स्वतः दाराची ती रेघ, म्हणजे पिकेट लाइन, मरेपर्यंत ओलांडायची नाही. काकूंची जुनी चादर, तिच्यावर लाल रंगात वर इंग्रजी मजकूर, खाली खास आग्रहाने मराठीत 'टाळेबंदी हटाव'. चादरीला दोन टोकं असतात, म्हणून दुसऱ्या टोकाला मी. पोलीस आले तर, व्हिसा गेला तर, सुनीता काय म्हणेल, अशा विचारांत मी माझं टोक इतकं वर धरलं की माझं तोंड झाकलं जाईल. "खाली घे," काका म्हणाले, "अक्षरं वाकडी होतायत."

रविवारची दुपारची मॅच. बर्फाच्या रिंकच्या दारात ही गर्दी! पोरंबाळं, म्हाताऱ्या बायका, सगळ्यांच्या गळ्यात मफलर, भोंगे, ढोल. लोकांना वाटलं, आम्ही टीमचे पाठीराखेच आहोत. एका बाईने आमचा फोटो काढला. एकाने चादर केवढ्याला म्हणून विचारलं. काका ओरडत होते, "आत जाऊ नका! इथल्या माणसाची जागा गेलीये!" लोक अंगठा दाखवून आत जात होते.

तेवढ्यात एक दांडगा, लाल गालांचा माणूस बायकोमुलीला घेऊन आला, थांबला, चादर वाचली. "डॅरेनसाठी? डॅरेन मीच!"

काकांनी त्याचा हात धरला. "ब्रदर! आम्ही तुझ्या बाजूने उभे आहोत."

"थँक्स, मेट! पण आत नाही येणार? मी त्याच्याबरोबर प्रॅक्टिस केली काल! त्याने मला त्याची काठी दिली!" आणि तो पळतच आत गेला. थोड्या वेळाने परत आला, आम्हा दोघांना कागदी पेल्यात चहा दिला आणि पुन्हा आत.

काका चहाकडे बघत राहिले. "संतोष, पन्नास पिकेटं केली असतील मी. ज्याच्यासाठी पिकेट, तोच रेघ ओलांडून चहा घेऊन येतो, असं कधी झालं नव्हतं."

आतून गर्जना उठली. मॅच सुरू झाली होती. बर्फावर पाती घासल्याचा तो आवाज, फळीवर धाडकन आदळणारी अंगं, ढोल. काकांचे पाय जागच्या जागी हलायला लागले. दारावरचा माणूस म्हणाला, "या की आत, गारठाल."

"येता येत नाही," काका कळवळून म्हणाले. "पिकेट लाइन आहे."

"कुणाची?"

"माझीच."

पुन्हा गर्जना. काका गर्रकन माझ्याकडे वळले. "सभा! आत्ता! उपस्थिती दोन, गणपूर्ती झाली. ठराव असा की ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच तो मान्य नसल्यामुळे पिकेट तहकूब. सूचक मी. अनुमोदक?"

"मी, काका."

"विरोधात? कुणी नाही. एकमताने मंजूर! पळ!"

आणि आम्ही पळालो. चादरीसकट.

मी आयुष्यात तसलं काही पाहिलं नव्हतं. आगगाडी वळणावर सुटावी तशी माणसं अंगावर येत होती. चकती मला दिसत नव्हती. काकांनाही दिसत नव्हती. पण सात नंबरने एकाला असा फळीवर दाबला की आमच्या समोरची काच थरथरली, चकती काढून घेतली, आणि अख्ख्या बर्फाची लांबी एकटा कापत गेला. सगळं रिंक उभं. काका खुर्चीवर उभे. "मार! अरे मार ना!" आणि त्याने मारला! लाल दिवा पेटला, भोंगा वाजला, काकांनी मला मिठी मारली, पुढच्या अनोळखी म्हातारीला मिठी मारली, आणि तसेच आनंदाने ओरडले, "मिलिंद, बघितलास?"

मग खाली बसले. चादर मांडीवर घेतली आणि तिची घडी घालायला लागले.

मध्यंतर झालं तरी ते उठेनात. घडी घालून झाली होती. ती मोडून पुन्हा घालत होते. मी घाबरत घाबरत म्हणालो, "काका, बाहेर फोन आहे. माझ्याकडे कार्ड आहे, आईला फोन करतो ते."

काकांनी घडी माझ्या हातात दिली. कार्ड घेतलं.

कॅलगरीत सकाळ होती. पलीकडून फोन उचलला गेला तसे काका ताठ उभे राहिले आणि युनियनच्या आवाजात म्हणाले, "मिलिंद. पगाराला मर्यादा असावी. मान्य."

जन्मभरात या माणसाने मालकांना एवढं कधी दिलं नसेल.  पलीकडून मलाही ऐकू येईल असा घाबरा आवाज आला, "बाबा? तुमचा तब्येत ठीक आहे ना? आई कुठे आहे? फोन कोणाला तरी द्या!"

काकांनी फोन माझ्या हातात कोंबला. "मिलिंददादा, मी शेजारचा संतोष. काका ठणठणीत आहेत."

"मग असं का बोलतात ते? हार्टचं काही आहे का?"

"नाही हो. आत्तापर्यंत दारात पिकेट करत होते."

"ओ, थँक गॉड," मिलिंद म्हणाला. 

तेवढ्यात आत पुन्हा ढोल सुरू झाले. मी फोन काकांना दिला. "बाबा, ही आवाज कुठली आहे?"  रिसीव्हरची वायर ताणता येईल तितकी ताणून काकांनी तो उघड्या दाराकडे धरला. ढोल, भोंगे, बर्फ खरवडणारी पाती. तसाच धरून राहिले. मग हळूच कानाशी आणला.

"ऐकलंस? तुझा सात नंबर आहे. मिलिंद, आत्ता काय झालं माहितीये, एक..."

"नको!" तिकडून मिलिंद ओरडला. "स्कोअर नको, बाबा. पहिल्यापासून सांगा."

 काकांनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. "बरं. ऐक."

दाराशी लोक ढकलाढकली करत आत चालले होते. दुसरा डाव सुरू होत होता. मी काकांना खूण केली, चला. त्यांनी मान हलवली, मला बोटाने उघडं दार दाखवलं, म्हणजे तू जा, तू बघून ठेव. आणि रिंककडे पाठ करून, मिलिंदला पहिल्या मिनिटापासून सांगता सांगता, त्यांनी दुसरा हात कोटाच्या खिशात घातला, कापसाचा बोळा काढला आणि मोकळ्या कानात घट्ट बसवला.